वीस तासांचं लायसन्स आणि माझी सही

गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत कुणीतरी हमखास गाठतं. "ताई, तुम्ही विमान शिकवता म्हणे! वीस तासांत लायसन्स मिळतं ना?" मिळतं म्हटलं की पुढचा प्रश्न खर्चाचा, आणि त्याच्यापुढचा जरा हळू आवाजात, "मेडिकल लागत नाही हे खरं का हो?" उत्तरं सगळी "हो, पण" अशी आहेत, आणि त्यातलं "पण" मसालेभात वाढून होईपर्यंत सांगून संपत नाही. म्हणून एकदाचं लिहून काढते.

मी मूळची सांगलीची. राहते ओहायोत, कोलंबसच्या उत्तरेला. आठवडाभर एका विमा कंपनीत आकडेमोड करते आणि शनिवार-रविवार डेलावेअरच्या म्युनिसिपल विमानतळावर असते. (हे ओहायोतलं डेलावेअर, राज्य नव्हे. इथल्या लोकांनाही हे दोनदा सांगावं लागतं.) माझ्याकडचं सर्टिफिकेट आहे स्पोर्ट पायलट रेटिंगवाल्या फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं. इन्स्ट्रक्टरांच्या उतरंडीत आम्ही तळाला. नेहमीच्या इन्स्ट्रक्टरला आधी कमर्शियल लायसन्स लागतं, आम्हाला एकूण १५० तासांचं उड्डाण, त्यात १०० तास पायलट-इन-कमांड (म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन) म्हणून, वर शिकवण्याच्या शास्त्राची लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक. एअरलाइनमध्ये जायला निघालेली पोरं आमच्याकडे येत नाहीत. येतात ते हौशी. निवृत्त शिक्षक, डेंटिस्ट, मक्याचे शेतकरी, आणि अधूनमधून आपला एखादा सॉफ्टवेअरवाला.

स्पोर्ट पायलट ही भानगड एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने) १ सप्टेंबर २००४ पासून सुरू केली. विमान उडवणं महाग झालं होतं, जुने हौशी मेडिकलमुळे घरी बसत होते आणि कुठल्याच नियमात न बसणारी, दोन सीटची जड अल्ट्रालाइट्स सर्रास उडत होती. तेव्हा एफएएने एक छोटं दार उघडलं. तेव्हाच्या अटी अशा: विमान ६०० किलोच्या आतलं, दोन सीटचं, एका इंजिनाचं, सपाट उड्डाणात १२० नॉट्सच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पुढे न जाणारं. पायलटने दिवसाच उडवायचं, एकच पॅसेंजर न्यायचा, पैसे कमवायचे नाहीत. बदल्यात ४० तासांऐवजी २० तास, आणि डॉक्टरच्या मेडिकलऐवजी गाडीचं लायसन्स.

आता यातली मेख बघा. प्रायव्हेट पायलट होताना माणसाला चार लोक अडवू शकतात. डॉक्टर, इन्स्ट्रक्टर, परीक्षक आणि भरपूर तास. स्पोर्टमध्ये डॉक्टर गेला आणि तास निम्मे झाले. परीक्षक एक दिवस भेटतो. राहिलं कोण? मी. सरकारने नियम सैल केले असं लोक म्हणतात, पण माझ्या मते ते सैल झालेले नाहीत, नुसते माझ्या अंगावर ढकललेत. आणि ते मला मान्य आहे, कारण दर शनिवारी त्या माणसाच्या शेजारी खांद्याला खांदा लावून मीच बसते. दोन-पाच वर्षांतून एकदा रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरपेक्षा मला त्याचं जास्त कळतं.

मेडिकलचंच घ्या. "गाडीचं लायसन्स चालतं" हे अर्धं वाक्य झालं. उरलेलं अर्धं असं की तुम्ही एफएएच्या मेडिकलसाठी याआधी अर्ज केला असेल आणि शेवटचा अर्ज नाकारला गेला असेल, तर गाडीच्या लायसन्सवर उडवता येत नाही. त्यामुळे हृदयाला स्टेंट बसवलेला एखादा गृहस्थ जेव्हा म्हणतो, "आधी मेडिकलचा प्रयत्न करतो, नाही मिळालं तर स्पोर्ट आहेच," तेव्हा मी त्याला हातातला फॉर्म खाली ठेवायला लावते. नाकारलं गेलं की स्पोर्टचं दारही बंद. आधी पायलटांचं मेडिकल करणाऱ्या डॉक्टरशी नुसतं बोलून ये, अर्ज न करता. ही सोन्यासारखी गोष्ट नियमांच्या पुस्तकात आहे, पण विद्यार्थी पुस्तक उघडायच्या आधी फॉर्म उघडतात.

आणि लायसन्स खिशात असलं तरी रोजचा प्रश्न वेगळाच. आज, आत्ता, तू उडवायला ठीक आहेस का? ओहायोत ऑगस्ट संपता संपता रॅगवीड नावाच्या तणाचे परागकण सुटतात, अर्धा जिल्हा शिंकत असतो. माझा एक विद्यार्थी, सत्तरीकडे झुकलेला निवृत्त गणिताचा शिक्षक, शनिवारी सकाळी चाळीस मैल गाडी चालवून आला. डोळे लाल. विचारलं तर म्हणाला, रात्री बेनाड्रिल ही ॲलर्जीची गोळी घेतली आणि छान झोप लागली. बेनाड्रिलमधल्या औषधानंतर एफएए ६० तास थांबायला सांगते. दारूनंतर आठ तास, आणि या दुकानात मिळणाऱ्या गुलाबी गोळीनंतर ६०! गुरुजींना हे अजिबात पटेना. "मी तर गाडी चालवत आलो." मग त्या दिवशी आम्ही हँगरमध्ये बसून वजन आणि समतोलाची गणितं केली. गणिताचा माणूस, रमला. पण जाताना पुटपुटत गेलाच.

वजनाचं गणित मात्र खरोखर करावंच लागतं. आमचं शिकवायचं विमान, सीटीएलएस, रिकामं साधारण ७७० पौंडांचं, कमाल वजन १३२०. म्हणजे माणसं, पेट्रोल, सामान मिळून ५५० पौंड. पेट्रोल गॅलनला सहा पौंड. टाक्या ३४ गॅलनच्या आहेत, त्या काठोकाठ भरल्या तर २०४ पौंड तिथेच गेले. इथला मक्यावर वाढलेला सहा फुटी विद्यार्थी सहज अडीचशे पौंडांचा, वर मी, वर दोघांच्या बॅगा. म्हणून पूर्ण टाकी भरून दोघं उडायचं हे बऱ्याच विद्यार्थ्यांबरोबर जमतच नाही. रोटॅक्स इंजिन तासाला पाचेक गॅलन खातं, तेव्हा वीस गॅलनमध्ये आमचं काम आरामात होतं आणि राखीवही उरतं. पण "थोडं जास्त असू दे" ही आपली सवय सगळ्या देशांत सारखीच.

आता वीस तासांबद्दल. कायद्याने पंधरा तास इन्स्ट्रक्टरबरोबर आणि पाच तास एकट्याने. माझ्याकडे अजून कुणीही वीस तासांत चेकराइडला (परीक्षकाबरोबरच्या उड्डाण-परीक्षेला) गेलेलं नाही आणि जाईल असं वाटतही नाही. हलकं विमान सोपं असतं हा गैरसमज. ६०० किलोचं विमान ओहायोच्या दुपारच्या वाऱ्यात, तापलेल्या शेतावरून येताना, कढईतल्या पापडासारखं फुगत वर उठतं. रनवेवर टेकवायला जावं तर तरंगत राहतं, कारण पंख भरपूर आणि वजन नाही. पॉवर काढली की वेग लगेच पडतो. जड विमान वाऱ्याचा एखादा धक्का गिळून टाकतं, हे प्रत्येक धक्का तुमच्या हातात आणून देतं. त्यात क्रॉसविंड, म्हणजे आडव्या वाऱ्यात उतरणं, शिकायचं तर वारा आमच्या सोयीने येत नाही, आणि नोव्हेंबर ते मार्च अर्धे शनिवार ढगांतच जातात.

विद्यार्थ्याला एकटं सोडणं ही या कामातली सगळ्यात मोठी सही. नियम म्हणतो, त्याच विद्यार्थ्याला त्याच प्रकारच्या विमानात मी स्वतः शिकवलेलं असलं पाहिजे आणि तो तयार आहे असं माझं मत झालेलं असलं पाहिजे. आधी मी त्याची एक लेखी परीक्षाही घ्यायची असते. नियम, आमच्या विमानतळाचं आकाश, त्या विमानाचे गुणदोष. चुकलेलं प्रत्येक उत्तर त्याच्याबरोबर बसून सोडवायचं. मग लॉगबुकात एंडोर्समेंट (माझ्या सहीचा परवानगीचा मजकूर), आणि ती ९० दिवसच टिकते. मजकूर एफएएच्या ॲडव्हायजरी सर्क्युलरमध्ये तयार मिळतो, तोच मी शब्दशः लिहिते. इथे भाषाप्रभुत्व दाखवायला जाऊ नये.

पण "तयार आहे" म्हणजे काय, हे कुठलाच कागद सांगत नाही. पूर्वी मला वाटायचं, सुरेख लँडिंग जमली की झालं. आता सुरेख लँडिंगकडे मी फारसं बघतच नाही. सोलोच्या आसपास आलेल्या विद्यार्थ्याबरोबर मी सलग काही फेऱ्या तोंड मिटून बसते. हे माझ्यासाठी सोपं नाही, माझ्या नवऱ्याला विचारा. मी वाट बघत असते ती एका गोष्टीची. फायनलवर, म्हणजे रनवेकडे उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात, उंची जास्त झाली, वेग ढळला, किंवा रनवेवर हरीण आलं (इथे येतात), तर हा स्वतःहून, माझ्याकडे न बघता, पॉवर पुढे करून गो-अराउंड (न उतरता परत वर जाणं) करतो का? जो माझ्या चेहऱ्याकडे बघतो तो तयार नाही, त्याचं फ्लेअर (टेकायच्या आधी नाक अलगद उचलणं) कितीही देखणं असो. एक डेंटिस्ट होता, हात अत्यंत हलका, लँडिंग अशी की चाकं टेकलेली कळू नयेत. पण बिघडलेली लँडिंगही तो त्याच हाताने वाचवत बसायचा. सोडून द्यायला तयार नाही. मी सही केली नाही. तो चिडला, "मला अजून काय यायला हवं?" म्हणाला. मी म्हटलं, सोडून देता यायला हवं. पुढे तीन-चार आठवड्यांनी एका सकाळी त्याने पन्नास फुटांवरून, मी काही बोलायच्या आत, पॉवर पुढे केली. आम्ही खाली उतरलो, मी लॉगबुक मागितलं आणि विमानातून बाहेर पडले.

शेजारची सीट रिकामी झाली की विमान भसकन वर चढतं, हे आधी सांगून ठेवायचं. नाहीतर बिचारा पॅटर्नच्या, म्हणजे विमानतळाभोवतीच्या फेरीच्या, उंचीपर्यंत कधी पोचला ते त्याला कळत नाही. मी हातातला रेडिओ घेऊन बाकावर बसते आणि बोलत मात्र नाही.

क्रॉस कंट्रीचा, म्हणजे दुसऱ्या विमानतळांपर्यंतच्या प्रवासाचा, नियम मला विशेष आवडतो. एकट्याने जायच्या प्रत्येक प्रवासाला वेगळी सही. मागच्या आठवड्याची आज चालत नाही, कारण मला त्याचं त्या दिवसाचं नियोजन तपासावं लागतं. हवामान, वारा, पेट्रोल, वाटेतलं आकाश. स्पोर्टला एकूण ७५ नॉटिकल मैल, दोन ठिकाणी पूर्ण थांबून लँडिंग, आणि एक टप्पा किमान २५ मैलांचा सरळ. आमचा ठरलेला त्रिकोण म्हणजे डेलावेअर, अर्बाना, मॅरियन आणि परत. अर्बानाच्या विमानतळाचं नाव ग्राइम्स फील्ड. विमानाचे दिवे बनवणाऱ्या वॉरन ग्राइम्सच्या नावाचं. तिथल्या संग्रहालयात एक बी-१७ बॉम्बर वर्षानुवर्षं तुकड्या तुकड्यांनी उभं राहतंय. आणि तिथे खायला पाय मिळतो (अमेरिकन 'pie', सारण भरलेला गोड पदार्थ). विद्यार्थ्याला मी बजावते की पाय खा, पण परतीचं हवामान पाय खायच्या आधी बघ. एका पोराने तिथून फोन केला, "ताई, मॅरियनकडे ढग खाली येतायत, मी इथेच थांबू का?" हा पुण्याचा, म्हणून ताई. बाकीचे मला नावाने हाक मारतात. मी म्हटलं, थांब, आणि दुसरा पाय घे. चार तास बसला तिथे. चेकराइडला परीक्षकाने निर्णयक्षमतेवर प्रश्न विचारला तेव्हा याच्याकडे सांगायला तयार उत्तर होतं.

कागदपत्रांकडे वळू. कंटाळवाणं आहे, पण इन्स्ट्रक्टर अडकतो तो इथेच. ज्याला सोलोची सही दिली, ज्याला लेखी किंवा चेकराइडला पाठवलं, त्या प्रत्येकाचं नाव, तारीख, प्रकार आणि परीक्षेचा निकाल मला तीन वर्षं जपून ठेवायचा असतो. चोवीस तासांत आठ तासांपेक्षा जास्त शिकवायचं नाही. स्वतःच्या लॉगबुकात स्वतःला एंडोर्समेंट द्यायची नाही (हे लिहून ठेवावं लागलं म्हणजे कुणीतरी करून बघितलं असणार). डिसेंबर २०२४ पासून इन्स्ट्रक्टरच्या सर्टिफिकेटवर मुदत संपायची तारीख छापत नाहीत, पण दर २४ महिन्यांत आपण कामात आहोत हे दाखवावं लागतंच. एक रस्ता असा की पाच तरी विद्यार्थी परीक्षेला पाठवलेले असावेत आणि त्यातले ८० टक्के पहिल्या फटक्यात पास झालेले असावेत. म्हणजे घाईने पाठवलेला विद्यार्थी माझ्याही खात्यावर चढतो. छान आहे हे.

आणि टीएसए, म्हणजे अमेरिकेची वाहतूक सुरक्षा यंत्रणा. ११ सप्टेंबरनंतर फ्लाइट ट्रेनिंग हा सुरक्षेचाही विषय झाला. विद्यार्थी अमेरिकन नागरिक आहे की नाही हे तपासून, तसं नोंदवून, पाच वर्षं ती नोंद ठेवणं माझं काम. पासपोर्ट, किंवा जन्मदाखला आणि सोबत फोटोचं सरकारी ओळखपत्र. आता डोळ्यांसमोर आणा. रनवेच्या पलीकडच्या शेतातला, साठी ओलांडलेला, आजोबा-पणजोबांपासून इथलाच शेतकरी, आणि त्याच्यासमोर सांगलीच्या उच्चारांत बोलणारी मी. म्हणतेय, "सर, तुम्ही अमेरिकन नागरिक असल्याचा पुरावा दाखवाल का?" तो माझ्याकडे बघत राहिला, मग मोठ्याने हसला आणि हसतच गाडीकडे गेला. जन्मदाखला आणला. आता दरवेळी मी दिसले की तो मला माझा पुरावा मागतो.

आपल्या मंडळींसाठी हा भाग महत्त्वाचा. एच-१बी असो, ग्रीन कार्ड असो, नागरिक नसाल तर पहिल्या लायसन्सचं प्रशिक्षण सुरू करायच्या आधी टीएसएकडे अर्ज, बोटांचे ठसे, आणि मंजुरी. ती हातात आल्याशिवाय मी तुमच्या लॉगबुकात प्रशिक्षणाचा एक तास लिहिणार नाही. "ताई, ओळखीचे आहोत आपण" हे चालत नाही. मीही नागरिक होण्याआधी याच रांगेतून गेले. नुसती एक हौसेची डेमो फेरी मारायची असेल तर अडचण नाही, या, ती वेगळी गोष्ट. मंजुरी मात्र आता पाच वर्षांपर्यंत चालते, पूर्वीसारखी दरवेळची कटकट राहिली नाही. आणि हो, हे लायसन्स आंतरराष्ट्रीय मापात बसत नाही. ते दाखवून बारामतीला विमान भाड्याने मिळणार नाही.

"मग प्रायव्हेट करायचं ठरवलं तर तुमच्याकडचे तास फुकट?" हा रास्त प्रश्न. २०१८ पर्यंत खरोखर तसं होतं. माझ्यासारख्या इन्स्ट्रक्टरबरोबर केलेले तास वरच्या लायसन्सला मोजले जायचे नाहीत, त्याच विमानात, त्याच आकाशात केलेले असले तरी. हा निव्वळ वेडेपणा होता आणि तो चौदा वर्षं चालला. आता मोजतात. त्याच बदलात आमच्यावर एक कामही आलं. ८७ नॉट्सपेक्षा वेगवान विमानातल्या विद्यार्थ्याला सोलो क्रॉस कंट्रीआधी फक्त उपकरणांकडे बघून विमान सांभाळायला शिकवायचं, आणि ते शिकवायला मला आधी वरच्या इन्स्ट्रक्टरकडून तीन तास उड्डाणाचं आणि एक तास जमिनीवरचं प्रशिक्षण घ्यायचं. घेतलं. ढगात शिरलेल्या हौशी पायलटचं काय होतं हे ज्याने वाचलंय त्याला हे तीन तास जड वाटणार नाहीत.

आता सगळ्यात ताजं. जुलै २०२५ मध्ये मोझेक नावाचा नियम आला आणि २२ ऑक्टोबर २०२५ पासून स्पोर्ट पायलटचं जग अचानक मोठं झालं. वजनाची अट गेली, त्याजागी स्टॉलच्या वेगाची (ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत) आली. फ्लॅप्स (पंखांमागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) न उघडता ५९ नॉट्स किंवा त्याहून कमी. म्हणजे सेस्ना १७२ हे चार सीटचं नेहमीचं विमानसुद्धा बसतं. सीट चार चालतील, पॅसेंजर मात्र एकच. रात्रीही उडवता येतं, पण त्याला वेगळं प्रशिक्षण, एंडोर्समेंट, आणि तिथे गाडीचं लायसन्स पुरत नाही, बेसिकमेड (मेडिकलचा एक सोपा पर्याय) तरी हवं.

दुसऱ्याच आठवड्यात त्या गणिताच्या गुरुजींचा फोन. आता ते रीतसर स्पोर्ट पायलट आहेत. "माझ्या मित्राची १९७५ची १७२ आहे. मी ती कायद्याने उडवू शकतो. बरोबर ना?" कायद्याने, बरोबर. पण गुरुजींनी आयुष्यात मिक्स्चरचा (पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ठरवणारा) नॉब बघितलेला नाही. रोटॅक्सला तो नसतोच, उंचीप्रमाणे कार्ब्युरेटर आपलं आपण जमवून घेतो. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) कधी ओढायची हे पुस्तकात वाचलंय, हाताला माहीत नाही. सीटीएलएसमध्ये ब्रेक हाताच्या दांड्याने, १७२ मध्ये पायाच्या चवड्यांनी. आणि ते विमान २३०० पौंडांचं, आमच्याच्या पावणेदोन पट, पेट्रोल तासाला आठेक गॅलन पिणारं, म्हणजे डोक्यातली सगळी पाठ गणितं चुकीची. मित्राच्या विमा कंपनीने चेकआउट (त्या विमानात इन्स्ट्रक्टरबरोबरचे तास) मागितला असणार हे मला माझ्या नोकरीवरून सांगता येतं, आणि मागितलाच होता.

मीही त्या मित्राच्या १७२ मध्ये आधी एका जुन्या इन्स्ट्रक्टरबरोबर बसून, स्वतः पुरेसे तास करून घेतले. मग गुरुजींना सांगितलं की विमावाल्याने किती तास मागितलेत त्याच्याशी मला देणंघेणं नाही, मी म्हणेन तेव्हा संपेल. या वेळी पुटपुटले नाहीत. पहिल्या दिवशी इंजिन बंद करताना किल्ली फिरवायला गेले, मी त्यांचा हात मिक्स्चरच्या लाल नॉबकडे नेला. पुढची वेळ रविवारी सकाळी आठची, वारा दहा नॉट्सच्या आत असेल तर. आणि रॅगवीडचा मोसम संपलाय, तरी गोळीबद्दल मी विचारणारच आहे.